बेचाळीस सेंटिमीटर

जेनोवाच्या बंदरामागच्या त्या गल्लीत
दोन माणसं समोरासमोर आली तर
एकाला कुणाच्या तरी दारात शिरावं लागतं.
हॉटेलचं दार त्यातलंच एक.
आत लॉबी, म्हणजे खरं तर जिन्यानं उसनी दिलेली जागा:
लांबी तीन मीटर दहा, रुंदी एक ऐंशी,
त्यातून दार उघडताना घेतं तो वळसा वजा,
छत्र्यांचं पितळी भांडं वजा,
एजिदिओची खुर्ची आणि त्याची फळी वजा.
उरतात बेचाळीस सेंटिमीटर.
तेवढ्यात मला एक यंत्र उभं करायचंय
जे पासपोर्ट वाचेल, पैसे घेईल, किल्ली देईल
आणि कुणाच्या बरगडीत कोपर खुपसणार नाही.

मालकीण ओर्नेत्ता म्हणाली, "भिंतीत घाल की."
भिंत ठोकून पाहिली. चारशे वर्षांचा दगड.
आवाजसुद्धा परत दिला नाही त्यानं.

मग पुठ्ठ्याचं केलं पहिलं यंत्र,
बाजारातून मागून आणलेल्या खोक्यांचं.
पडद्याच्या जागी पांढरा कागद,
पाठीवर अजून टरबुजाचं चित्र.
ते भिंतीला टेकवून
मी तिसऱ्या पायरीवर बसले, वही उघडून, रात्रभर.

एजिदिओ एकतीस वर्षं रात्रपाळीला.
मला वाटलेलं, डाफरेल. पोटावर पाय आणणारी बाई मी.
तो म्हणाला, "लवकर उरक, पोरी. गुडघे संपलेत माझे.
फक्त ते नाव आधी विचारू नकोस."
"मग काय विचारू?"
"बघ."

साडेअकराला एक डच जोडपं, बॅगांसकट दारातच अडकलेलं.
बाराला बोटीवरचा एक खलाशी,
पुठ्ठ्याच्या पडद्यावर त्यानं खरंच बोट दाबलं
आणि माझ्याकडे बघून हसला.
दोनच्या सुमारास एक बाई.
खांद्यावर झोपलेलं मूल, हातात पिशव्या,
पासपोर्ट दातांत.
एजिदिओ काही बोलला नाही.
फळीवरचं वर्तमानपत्र तेवढं उचललं.
तिनं तिथं दुधाची बाटली ठेवली, फोन ठेवला,
एक छोटा बूट ठेवला, एकच,
मग दातांतला पासपोर्ट.
आणि मग त्यानं विचारलं, "किती रात्री?"
"डॉक्टर सांगतील तितक्या."

माझ्या वहीत रात्रींसाठी
एक अधिकचं बटण होतं, एक उण्याचं.

सकाळी कात्री घेतली.
प्रिंटर खाली ढकलला, पडदा पातळ केला, थोडा कलता,
चाकांच्या खुर्चीवरूनही बोट पोचेल असा.
कमरेच्या उंचीला एक फळी काढली, नऊ सेंटिमीटर पुढे.
तिच्यावर कसलंच बटण नाही. नुसती फळी.
अधिक-उण्याच्या खाली तिसरं बटण:
अजून ठरलं नाही.

तोरिनोहून तिबेरिओ फोनवर ओरडला,
"रकाना रिकामा ठेवता येत नाही!"
तीन आठवडे भांडलो.
शेवटी तिथं शून्य लिहायला तो तयार झाला.
शून्य रात्री, म्हणजे माहीत नाही. चालेल.

नऊ सेंटिमीटरांना दार आपटायला लागलं.
म्हणून छत्र्यांचं भांडं हलवलं, तिसऱ्या पायरीवर.
ते ओर्नेत्ताच्या वडिलांचं. आठवडाभर
ती माझ्याशी फक्त बिलांपुरतं बोलली.

फेब्रुवारीत यंत्र बसलं.
पहिल्या संध्याकाळी एजिदिओ पाहुण्यासारखा आला, टोपी घालून,
काठी आणि मासळीची पुडी सांभाळत.
पडद्यावर एवढंच उमटलं:
हातातलं खाली ठेवा.
पुढे दहा सेकंद काही नाही. कसलाही प्रश्न नाही.
त्यानं पुडी फळीवर ठेवली. टोपी काढली.
काठी कुठं टेकवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं,
तेवढ्यात यंत्रानं नाव विचारलं.

"पंधरा कर," तो म्हणाला.
आणि काठीसाठी एक आकडाही,
इथं, बाजूला.